साहसी शर्यत

चालणे वा धावणे, सायकल चालविणे, वल्ह्याने होडी हाकणे व नकाशाच्या आधारे वाट शोधणे हे प्रकार खंड न पडता एकापाठोपाठ एक पार पाडावयाचा सांघिक क्रीडाप्रकार. तो ‘ॲडव्हेंचर रेसिंग’ या नावाने जगभर ओळखला जातो. स्थानिक भूरचनेनुसार त्यात दोरावरून कडा उतरणे, पोहणे, गुहा पार करणे, बर्फावरून चालणे इत्यादींची भर पडते. काही तासांत संपणाऱ्या छोट्या शर्यती, सु. एक ते दोन दिवस चालणाऱ्या मध्यम शर्यती आणि तीनपासून दहा वा अधिक दिवस चालणाऱ्या मोहीम-शर्यती असे तिचे ढोबळ तीन वर्ग पडतात.

पोहणे, सायकल व धावणे यांची जोड असलेल्या ट्रायॲथलॉन शर्यतीहून साहसी शर्यत मूलतः वेगळी आहे. ट्रायॲथलॉनमध्ये मार्ग आखून दिलेला असतो आणि स्पर्धकाचा वेग तेवढा मोजला जातो. साहसी शर्यतीत केवळ काही ठिकाणे नेमून दिलेली असतात. त्यांच्या दरम्यानचा मार्ग संघाने स्वतः ठरवावयाचा असतो. शिवाय घड्याळ रात्रीही थांबत नाही. झोप केव्हा व किती घ्यावी, हाही संघाचाच निर्णय असतो. त्यामुळे या शर्यतीत शारीरिक क्षमतेइतकीच थकलेल्या अवस्थेतील निर्णयशक्तीची परीक्षा होते. तिचे बहुतेक नियम याच हेतूने घडले आहेत आणि तिच्यातील धोकेही त्यातूनच उद्भवतात.

इतिहास : या क्रीडाप्रकाराचे घटक निरनिराळ्या देशांत स्वतंत्रपणे वाढले. नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्याने वाट शोधण्याच्या स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कँडिनेव्हियात सुरू झाल्या. स्वीडनमधील एर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ पासून त्यांना आधुनिक रूप दिले. इंग्लंडमध्ये १९६८ साली जेरी चार्नली यांनी दोन दिवसांची डोंगरी मॅरॅथॉन सुरू केली. तीत दोघांच्या संघाला तंबू, अन्न व कपडे पाठीवर वाहून नेऊन स्वतः वाट काढावी लागे. ऑस्ट्रेलियात १९७६ साली २४ तासांच्या सांघिक दिशाशोधन स्पर्धेला ‘रोगेन’ हे नाव मिळाले.

अनेक प्रकार एका शर्यतीत गुंफण्याचे कार्य प्रामुख्याने न्यूझीलंडमध्ये झाले. रॉबिन जडकिन्स यांनी १९८३ साली ‘कोस्ट टू कोस्ट’ ही शर्यत सुरू केली. साउथ आयलंड या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कुमारापासून पूर्व किनाऱ्यावरील क्राइस्टचर्चपर्यंतच्या या २४३ किमी.च्या मार्गात सायकलीचे टप्पे, सदर्न आल्प्स पर्वतातील गोट पास या खिंडीतून धाव आणि वायमाकारीरी नदीतील सु. ६७ किमी.चा होडीप्रवास यांचा समावेश होता. तत्पूर्वी एक वर्ष, १९८२ मध्ये, अलास्कात होप ते होमर अशी सु. २४० किमी.ची शर्यत झाली. तिला आखलेला मार्ग नव्हता व बाहेरून मदत घेण्यास बंदी होती. या शर्यतीत इतरांना थंड नदी पोहून ओलांडावी लागत असता डिक ग्रिफिथ या पन्नाशी उलटलेल्या स्पर्धकाने पाठपिशवीतून हवेने फुगविता येणारी छोटी होडी काढली व तीत बसून पैलतीर गाठला. पुढे अशा हलक्या होड्या अलास्कातील या शर्यतीत रूढ झाल्या.

आजच्या मोहीम-शर्यतीचा आराखडा झेरार फ्युझील या फ्रेंच पत्रकाराने सिद्ध केला. त्याने १९८९ साली न्यूझीलंडमध्ये ‘रेड गोलुआज’ ही शर्यत भरविली. पाच जणांचा संघ, त्यात किमान एक स्त्री आणि सर्वांनी एकत्र शेवट गाठण्याचे बंधन, ही तिची वैशिष्ट्ये होती. पुढील वर्षांत ती कोस्टा रीका, ओमान, मादागास्कर इ. देशांत झाली. या शर्यतीत भाग घेतलेल्या मार्क बर्नेट यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात ‘इको-चॅलेंज’ सुरू केली. दूरचित्रवाणीमुळे हा प्रकार घरोघरी पोहोचला. ही शर्यत २००२ नंतर खंडित झाली. २०१९ मध्ये फिजीत तिचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा ६७१ किमी.च्या मार्गावर ६६ संघ उतरले आणि न्यूझीलंडचा संघ विजयी ठरला. २००१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरविण्यात आली.

स्वरूप व नियम : मोहीम-शर्यतीत सामान्यतः चौघांचा, स्त्री-पुरुष मिश्र संघ असतो. मार्गावर ठरावीक अंतराने नियंत्रणस्थाने असतात व प्रत्येक ठिकाणी पोहोचल्याची नोंद करावी लागते. जेथे एक प्रकार संपून दुसरा सुरू होतो, त्या संक्रमणतळावर सायकली, होडीची साधने व अन्न यांच्या पेट्या संयोजक आधी नेऊन ठेवतात. नकाशे बहुधा आरंभाच्या थोडेच आधी हाती पडतात. उपग्रहांच्या आधारे स्थान दाखविणारी उपकरणे वापरण्यास मनाई असते. संघाचा ठावठिकाणा संयोजकांना कळविणारे मोहोरबंद यंत्र मात्र प्रत्येक संघाजवळ असते.

सर्व सदस्यांनी एकमेकांपासून ठरावीक अंतराच्या आत राहणे बंधनकारक असून एकाने जरी माघार घेतली, तरी संघ क्रमवारीतून बाद होतो. परिणामी संघाचा वेग हा त्यातील सर्वांत मंद सदस्याचा वेग असतो. म्हणून सशक्त सदस्याची शिल्लक शक्ती दुर्बलाच्या उपयोगी आणण्याची तंत्रे विकसित झाली आहेत. दमलेल्याचे ओझे दुसरा घेतो. लवचिक दोरीने कमरेला वा सायकलीला जोडून त्याला पुढे ओढतात. ही मदत नियमबाह्य नसून खेळाचाच भाग मानली जाते. मदत वेळेवर मागणे हे कौशल्य समजले जाते. कारण दुखणे लपविणारा सदस्य पुढे सर्वांनाच थांबवितो.

दिशाशोधन : साधारणतः १ : ५०,००० प्रमाणाचे, समोच्चरेषा दाखविणारे नकाशे वापरतात. वाटेची निवड अंतरावर नव्हे, तर लागणाऱ्या वेळावर अवलंबून असते. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अद्याप उपयोगी पडतो. त्यानुसार सु. ५ किमी. चालीस एक तास आणि प्रत्येक ६०० मी. चढास आणखी एक तास धरतात. म्हणजे ६०० मी. चढ असलेल्या ५ किमी.च्या सरळ वाटेस दोन तास लागतील, तर डोंगराला वळसा घालणारी ८ किमी.ची सपाट वाट सु. ९६ मिनिटांत संपेल. [→ गिर्यारोहण].

होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखविते. खरी उत्तर व चुंबकीय उत्तर यांतील कोनास दिक्पात म्हणतात. महाराष्ट्रात तो एका अंशाहूनही कमी असल्याने सहसा जाणवत नाही. न्यूझीलंडमध्ये मात्र तो २० अंशांहून अधिक आहे. तेथे २० अंशांची दुरुस्ती विसरणारा संघ एक किलोमीटर चालल्यावर इष्ट स्थानापासून सु. ३५० मी. बाजूला पडेल. दाट अरण्यात वा रात्री एवढी चूक काही तास वाया घालविण्यास पुरेशी असते.

जलप्रवास व सायकल : नदीच्या प्रवाहात कयाक, फुगविण्याची होडी वा तराफा, तर समुद्रावर व सरोवरात लांब कयाक वापरतात. खडकामागील भोवरे, बुडालेली झाडे व उसळते पाणी दुरून ओळखावे लागते. म्हणून धोक्याच्या नद्यांवर संयोजक रात्रीचा प्रवास बंद ठेवतात. अंधारापूर्वी तो टप्पा न गाठणाऱ्या संघाला सकाळपर्यंत काठावर थांबावे लागते. विचारी संघ हा सक्तीचा थांबा झोपेसाठी योजतात. सायकल रुंद टायरांची व डोंगरी वाटांना साजेशी असते. चिखलात वा तीव्र चढावर तीच सायकल ढकलत वा खांद्यावर न्यावी लागते.

शारीरिक व मानसिक ताण : आघाडीचे संघ दिवसाकाठी अनेकदा एक-दोन तासच झोपतात. ड्रू डॉसन व कॅथरिन रीड यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की सलग १७ तास जागे राहिलेल्यांची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना होते तेवढी घसरते. २४ तासांनंतर ती ०.१० टक्के मद्यार्काइतकी घसरते. साहसी शर्यतीत ही मर्यादा पहिल्याच रात्री ओलांडली जाते. नकाशा चुकीचा वाचणे, क्षुल्लक कारणावरून भांडणे, समोर नसलेल्या आकृती दिसणे ही लक्षणे त्यानंतर दिसू लागतात. म्हणून नकाशा वाचणाऱ्यावर दुसऱ्या सदस्याने लक्ष ठेवावे, असा संकेत आहे. याखेरीज ओल्या पायांची कातडी सोलवटणे, शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरणे आणि केवळ पाणीच अति प्याल्याने रक्तातील सोडियम घटणे हे नेहमीचे विकार होत.

धोके व सुरक्षितता : बोर्निओतील सबा (मलेशिया) येथे २००० मध्ये झालेल्या इको-चॅलेंजनंतर अनेक स्पर्धक मायदेशी परतल्यावर तापाने आजारी पडले. ३०४ स्पर्धकांपैकी १८९ जणांशी संपर्क साधून केलेल्या तपासणीत ८० जणांत लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे निश्चित निकषांनुसार आढळली. त्यांपैकी २९ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मृत्यू मात्र कोणाचाही झाला नाही. हा रोग बाधित प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, विशेषतः त्वचेवरील ओरखडे व जखमांवाटे, पसरतो. सेगामा नदीत पोहणे हे या साथीचे प्रमुख कारण ठरले. डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक आधीपासून घेणाऱ्यांना त्यामुळे काही संरक्षण मिळाल्याचे दिसून आले. लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास काही दिवस ते काही आठवडे लागत असल्याने शर्यतीनंतर आलेला ताप साधा समजू नये, हा या घटनेचा महत्त्वाचा धडा होय.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००४ मध्ये ‘प्रायमल क्वेस्ट’ या शर्यतीत कोसळलेला मोठा दगड लागून एका ऑस्ट्रेलियन स्पर्धकाचा मृत्यू झाला. असे धोके कौशल्याने पूर्णतः टाळता येत नाहीत. म्हणून शिरस्त्राण, तरणजाकीट, शिटी, उबदार कपडे, प्रथमोपचाराचे साहित्य व रात्रीचे दिवे ही साधने सक्तीची असून ती जवळ नसल्यास दंडवेळ दिला जातो किंवा संघ बाद होतो. मार्गाची आखणी करताना अवघड ठिकाणी दिवसाउजेडी पोहोचता येईल, असे पाहणे ही संयोजकांची जबाबदारी असते.

भारतातील प्रसार : महाराष्ट्रात पुण्याच्या परिसरातील सह्याद्रीत ‘एन्ड्युरो-३’ ही तिघांच्या संघांची शर्यत या क्षेत्रात विशेष परिचित आहे. तीत सायकल, डोंगरचाल, दोराची कौशल्ये व जलप्रवास यांचा अंतर्भाव होतो. फिजीतील २०१९ च्या शर्यतीत एव्हरेस्टवर चढलेल्या पहिल्या जुळ्या बहिणी ताशी व नुंगशी मलिक यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने भाग घेतला होता. सह्याद्रीतील किल्ले, घाटवाटा व धरणांचे जलाशय या खेळास अनुकूल आहेत. तथापि कोकणात व मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळत असल्याने, त्या काळात पाण्याचे टप्पे योजताना स्पर्धकांच्या जखमांची काळजी व नंतरची वैद्यकीय देखरेख या गोष्टी येथेही तितक्याच आवश्यक ठरतात.