मातीत मुरणारी मध्यमलहर : बिदर–कलबुर्गीची जमीन आणि छोटा एएम प्रक्षेपक

आकाशवाणी कलबुर्गीचे मध्यमलहर केंद्र 1107 किलोहर्ट्झवर आहे. या लहरीची लांबी सुमारे 271 मीटर, म्हणजे पाव लहरीचा मनोरा जवळपास 68 मीटर उंच हवा. छंदाच्या प्रक्षेपकाची अँटेना मात्र जेमतेम 3 मीटर. अमेरिकेत विनापरवाना मर्यादा 100 मिलिवॅट आणि अर्थिंगच्या तारेसह एकूण 3 मीटर एवढीच आहे. भारतात परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही.

एवढ्या आखूड अँटेनेचा प्रारण-रोध, म्हणजे लहरींच्या रूपात हवेत जाणाऱ्या शक्तीचा रोध, जेमतेम 0.05 ओहम भरतो. अर्थिंगचा रोध 20 ओहम असेल, तर 100 मिलिवॅटपैकी पाव मिलिवॅटच हवेत जातो. बाकी सगळी शक्ती जमिनीत उष्णता होऊन संपते. अँटेनेला जोडलेल्या कॉइलमधली गळती वेगळीच! म्हणून खरी मेहनत शक्ती वाढवण्यात नव्हे, अर्थिंगमध्ये करावी. अर्थिंगचा रोध निम्मा झाला की हवेत जाणारी शक्ती दुप्पट होते, पण क्षेत्रतीव्रता सुमारे 1.4 पटच वाढते.

अर्थिंगचा रोध मातीवर अवलंबून असतो. कलबुर्गीकडची काळी चिकणमाती ओली असताना उत्तम वाहक असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि अर्थिंगसाठी पुरलेल्या सळईचा मातीशी संपर्क सुटतो. बिदरच्या पठारावरचा कोरडा जांभा त्याहून अवघड. तिथे एका खोल सळईपेक्षा अँटेनेभोवती चहूबाजूंना पसरलेल्या तांब्याच्या तारा जास्त उपयोगी पडतात.