दिशा दाखविणारी सुई

रात्रीची वेळ होती. अम्मी सलीमच्या सदऱ्याला बटण लावत होती. एकाएकी तिच्या हातातून सुई खाली पडली. सतरंजीवर ती काही केल्या दिसेना. जवळच सलीमची धाकटी बहीण रांगत होती. सुई तिला टोचली तर? सलीमने चटकन तिला उचलून अम्मीजवळ दिले. मग त्याने दप्तरातून लोहचुंबक काढला आणि तो सतरंजीवरून हळूहळू फिरविला. 'टिक्' असा आवाज झाला. सुई चुंबकाला चिकटली होती!

विद्यार्थी मित्रांनो, चुंबकाला उर्दूत आपण मकनातीस म्हणतो. चुंबक लोखंडाला आपल्याकडे ओढतो. निकेल व कोबाल्ट या धातूंनाही तो ओढतो. तांबे, पितळ, लाकूड, काच यांना मात्र तो ओढत नाही. सुई पोलादाची असते आणि पोलाद लोखंडापासून बनते. म्हणून सलीमला सुई सापडली. ती पितळेची असती, तर सापडली नसती.

लोखंडाच्या किसात पट्टीचुंबक फिरवून पाहा. कीस चुंबकाच्या दोन्ही टोकांना जास्त चिकटतो, मधल्या भागाला फारच कमी. या टोकांना ध्रुव म्हणतात. चुंबक दोऱ्याने मोकळा टांगला, तर तो दक्षिणोत्तर दिशेत स्थिर होतो. उत्तरेकडे राहणारा तो उत्तर ध्रुव आणि दक्षिणेकडे राहणारा तो दक्षिण ध्रुव. दोन चुंबकांचे सारखे ध्रुव एकमेकांना दूर लोटतात, तर वेगळे ध्रुव एकमेकांना ओढतात. चुंबकाचे दोन तुकडे केले, तरी ध्रुव वेगळे होत नाहीत. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन ध्रुव असतात!

असे का होते? लोखंडात अतिशय सूक्ष्म चुंबकीय भाग असतात. मधल्या सुटीत मैदानावरील मुलांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असतात. साध्या लोखंडात या भागांची स्थिती तशीच असते. त्यामुळे एकाचा जोर दुसरा नाहीसा करतो. कवायतीची शिट्टी वाजली, की सारी मुले एकाच दिशेला तोंड करून उभी राहतात. चुंबकात बहुतेक भाग असे एका दिशेने असतात. म्हणून त्यांचा जोर एकवटतो. चुंबक आपटला किंवा खूप तापविला, तर ही रांग मोडते आणि त्याची शक्ती कमी होते.

आता एक प्रयोग करा. शिवणाची सुई टेबलावर ठेवा. चुंबकाचे एकच टोक सुईवरून एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा फिरवा. परत येताना चुंबक उचलून घ्या. नंतर वाटीत पाणी घेऊन त्यावर कागदाचा लहान तुकडा तरंगत ठेवा आणि त्यावर सुई ठेवा. सुई हळूहळू वळेल आणि दक्षिणोत्तर दिशेत थांबेल. हेच तुमचे होकायंत्र! उर्दूत त्याला कुतुबनुमा, म्हणजे ध्रुव दाखविणारा, असे म्हणतात. पूर्वी भर समुद्रात आभाळ भरून आले, की सूर्य आणि तारे दिसत नसत. अशा वेळी या लहानशा सुईवर खलाशांचे प्राण अवलंबून असत.

सुई उत्तरेकडेच का वळते? आपली पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, असे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने १६०० साली आपल्या ग्रंथात सांगितले. पृथ्वीच्या या शक्तीची मोजमापे मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून घेतली जात होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम सुरू करण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहामुळेही चुंबकत्व निर्माण होते. त्यामुळे नाजूक मोजमापे बिघडली असती आणि साठ वर्षांचे काम वाया गेले असते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतीत लोखंड येऊ नये, याची काळजी घेतली गेली. १९०४ सालापासून तेथे काम सुरू झाले. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी मोजमापे घेऊन ती ताडून पाहिली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. पण मोजमापांची साखळी तुटली नाही. ते काम अलिबागला आजही चालू आहे.

मित्रांनो, पाहिलेत ना? सतरंजीवरील सुई आणि एवढी मोठी पृथ्वी, दोघींना निसर्गाचा नियम एकच!

स्वाध्याय
१. सलीमने बहिणीला आधी का उचलले?
२. साध्या लोखंडात व चुंबकात कोणता फरक असतो?
३. वेधशाळेचे काम अलिबागला का न्यावे लागले?
४. सुईचे होकायंत्र तयार करा व कृती आपल्या शब्दांत लिहा.