मोहोपाड्याचा पाऊस आणि मोटारसायकलचं वायरिंग

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातलं मोहोपाडा म्हणजे रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्ट्याची बाजारपेठ. इथे पाळी पाळीने कामावर जाणाऱ्यांचा मोठा आधार मोटारसायकल आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे दांड फाट्यावरून जुना महामार्ग धरायचा आणि पुढे-मागे ट्रक-टँकरनी उडवलेला चिखल अंगावर घ्यायचा. रायगडात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गाडी आठ तास उघड्यावर भिजते, मग चालते, तापते आणि पुन्हा भिजते. अशा गाडीची वीजयंत्रणा जपायची म्हणजे तिला झाकायचं, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. गाडी बंद पाडते ती पावसाची सर नव्हे, सर गेल्यावर जोडांत उरलेली ओल. म्हणून पाणी अडवण्याच्या धडपडीपेक्षा आत गेलेल्या पाण्याला वाट करून देणं जास्त महत्त्वाचं आहे.

पावसाचं पाणी जवळपास शुद्ध असतं आणि वीज फार कमी वाहून नेतं. रस्त्यावरच्या चिखलपाण्यात मात्र क्षार विरघळलेले असतात. ते वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये शिरलं आणि त्यातून बारा व्होल्टचा प्रवाह चालू राहिला, की तांब्या-पितळेच्या पिना झिजतात आणि त्यांच्यावर हिरवट-पांढरी पूड चढते. हे एका दिवसात होत नाही. त्यामुळे जूनमध्ये भिजलेली गाडी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिसिंग मारू लागते आणि मालक त्या दिवशीच्या पावसाला दोष देतो. हिशेब अगदी साधा आहे. पस्तीस वॉटचा हेडलाइट सुमारे तीन अँपिअर घेतो. गंजलेल्या जोडात अर्धा ओम रोध आला, तर तिथेच दीड व्होल्ट जातो आणि दिवा पिवळट पडतो. स्टार्टरला याच्या कित्येक पट प्रवाह लागतो. त्याच्या वाटेत ओमच्या शंभराव्या हिश्श्याचा रोधही जाणवतो. बॅटरी बदलून हा आजार बरा होत नाही, तरी पहिली बदलली जाते ती बॅटरीच.

आधीच्या पिढीतल्या राजदूत, येझदी, बुलेट इग्निशनच्या पॉइंटवर चालायच्या. पॉइंट ओला झाला की गाडी जागच्या जागी बंद, आणि कोरड्या फडक्याने पुसला की पुन्हा चालू. पुढे सीडीआय हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि ते दुखणं गेलं. 1 एप्रिल 2017 पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालू राहू लागला, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि त्याबरोबर बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन. आता पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो आणि कितीतरी सेन्सर पाच व्होल्टवर काम करतात. तिथे पाव व्होल्टची गळतीसुद्धा ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, चुकीची माहिती देते. जोडांची संख्या वाढली आणि प्रत्येक जोडाचं वजनही वाढलं.

यावर कोणी म्हणेल, नव्या गाड्यांचे कपलर रबरी सीलचे असतात, मग काळजी कसली? सील चांगलेच असतात, पण कोणी उघडेपर्यंत. मोबाइल चार्जर, फॉग लाइट, मोठा हॉर्न बसवताना वायर सोलून पीळ मारला जातो आणि वर काळी टेप गुंडाळली जाते. टेपचा गोंद उन्हात सुटतो आणि तिच्या आत पाणी साठतं. उघड्या टोकातून तांब्याच्या बारीक तारा वातीसारखं पाणी शोषून घेतात आणि आवरणाच्या आत दूरवर काळ्या पडतात. प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याचाही हाच तोटा. गरम भाग थंड होताना आतली हवा आकसते, बाहेरची दमट हवा आत खेचली जाते आणि पिशवीत तिचं पाणी होतं. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा तर पावसापेक्षा वाईट, कारण पाऊस सीलवर दाब देत नाही.

खरं काम टाकीखाली आणि हेडलाइटच्या मागे असतं. कपलरची कळ दाबून, वायरला न ओढता, त्याचं अंग धरून तो सोडवायचा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, हवेने पूर्ण सुकवायचा, सैल झालेली पिन घट्ट करायची आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, मग जोड तुटणार नाही का, अशी शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. पण घट्ट पिनांच्या दाबाखाली ग्रीस बाजूला सरतं, धातूला धातू टेकतो आणि भोवतीची पोकळी भरून राहते. पाणी हटवणारा स्प्रे भिजलेल्या गाडीला तात्पुरता उपयोगी पडतो, पण तो उडून जातो, त्याच्यावर हंगाम निघत नाही. कपलरकडे येणारी वायर आधी थोडी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो. बऱ्याच एअर-कूल्ड इंजिनांत प्लगच्या खोबणीतून पाणी जायला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की प्लग पाण्यात उभा राहतो. ते तारेने मोकळं करावं. प्लगची वायर चिरली आहे का हे अंधारात इंजिन चालू ठेवून कळतं, निळसर ठिणग्या वायरवरून धावताना दिसतात.

एक मर्यादा सांगायला हवी. रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. इंजिनने पाणी ओढलं तर नुकसान वायरिंगच्या पलीकडचं असतं. तिथे बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, ढकलत बाहेर काढा. बाकीच्या चार महिन्यांसाठी मात्र मृगाआधी, मे महिन्यातच सोय करता येते. ऑइल बदलायला गाडी गॅरेजात द्याल, तेव्हा चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिशपेपरने घासून पुन्हा आवळायला सांगा, आणि ते काम तुमच्या समोर करून घ्या.