एकच नकार, तीन आकडे

सर्व्हर सुरू आहे, पण हव्या त्या पोर्टवर कोणतीच सेवा चालू नाही. अशा वेळी सर्व्हर जोडणी नाकारतो आणि आपल्याकडची ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रॅमच्या हाती एक आकडा ठेवते. नेहमीच्या पीसीवरच्या लिनक्समध्ये तो १११ असतो, मॅकवर ६१ आणि विंडोजवर १००६१. नेटवर्कवरून आलेला नकार तिन्हीकडे सारखाच. आकडा मात्र प्रत्येक सिस्टीम आपापल्या यादीतून देते.

६१ आणि १००६१ यांच्यातलं साम्य हा योगायोग नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून १९८३ साली युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ‘सॉकेट’ ही जोडणीची पद्धत रुळली. मॅककडे चुकांचे आकडे बीएसडीच्या वारशातून आले. १९९२ मध्ये विंडोजसाठी विनसॉक या सॉकेट-पद्धतीची पहिली आवृत्ती आली, तेव्हा बर्कलीच्याच आकड्यांत १०,००० मिळवले गेले. लिनक्सने वेगळे आकडे घेतले. युनिक्स घराण्याला बांधून ठेवणाऱ्या पॉझिक्स मानकानेही चुकांची नावं ठरवली, आकडे नाहीत.

म्हणूनच प्रोग्रॅममध्ये थेट आकडा लिहिणं धोक्याचं. मॅकवर ३५ म्हणजे ‘आत्ता काही मिळणार नाही, नंतर विचारा’. नेहमीच्या लिनक्सवर तोच ३५ डेडलॉकचा इशारा असतो.

आकड्यांऐवजी नावं वापरली तरी काम संपत नाही, कारण वागणूकही बदलते. न थांबता जोडणी मागितली की लिनक्स सांगतं, ‘काम चालू आहे’. विंडोज त्याच वेळी ‘लगेच होणार नाही’ हा वेगळा कोड देतं. लिनक्सवरून आणलेला प्रोग्रॅम ते अपयश समजतो आणि जुळत आलेली जोडणी सोडून देतो. त्यात व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून विंडोजच्या सी भाषेतही पॉझिक्सची नावं आली, पण वेगळ्या किमतींसह. ‘लगेच होणार नाही’ याची किंमत तिथे १४० आहे, तर विनसॉक देतं १००३५. विनसॉकचा कोड त्या नावाशी ताडून पाहणारी तुलना कंपाइलर निमूटपणे स्वीकारतो. ती खरी मात्र कधीच ठरत नाही.

यावर खात्रीचा उपाय आहे. सिस्टीमचा आकडा एकाच ठिकाणी, सिस्टीम आणि प्रोग्रॅमच्या अगदी सीमेवर, अर्थामध्ये बदलायचा: ‘नाकारलं’, ‘वेळ संपली’, ‘जोडणी तुटली’. पुढचा सगळा प्रोग्रॅम त्या अर्थावरच चालवायचा. २०१२ च्या पायथन ३.३ ने नाकारलेल्या जोडणीसाठी स्वतंत्र एरर दिली. रस्ट भाषाही चुकांची अशीच वर्गवारी करते. मूळ आकडा मात्र फेकायचा नाही. तो लॉगमध्ये राहिला पाहिजे, कारण यादीत न बसणारी चूक कधीतरी येतेच.

हा काटेकोरपणा वापरणाऱ्यासाठी आहे. ‘नाकारलं’ कळलं, तर सेवा चालू आहे का, पोर्ट बरोबर आहे का, हे आधी पाहता येतं. ‘वेळ संपली’ कळलं, तर शोध वाटेकडे किंवा फायरवॉलकडे वळतो. ‘अज्ञात चूक’ एवढंच दाखवणारा प्रोग्रॅम मात्र हाती आलेली माहितीच वाया घालवतो.