ॲव्हरेजच्या नावाखाली

एप्रिल २०२३ मध्ये टोयोटाने इनोव्हा हायक्रॉसच्या सर्वांत महागड्या दोन हायब्रिड मॉडेलांचं बुकिंग घेणं थांबवलं. गाडी खपत नव्हती असं मुळीच नाही. मागणी इतकी साचली होती, की नवी नावं लिहून घेण्यात अर्थ उरला नव्हता. बुकिंग पुन्हा सुरू व्हायला जवळजवळ वर्ष गेलं, आणि थोड्याच आठवड्यांत ते परत बंद झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आलेल्या या गाडीने दोन वर्षांत एक लाखाचा आकडा ओलांडला. मोठ्या कुटुंबाला हायब्रिड हवी का, या प्रश्नाचं उत्तर त्यातच मिळालं असं कुणी म्हणेल. हवी आहेच. पण कशासाठी हवी, हे कोल्हापुरात हिशेब मांडून पाहिलं, तर घेणारे सांगतात ते कारण काही टिकत नाही.

कोल्हापूरला सात-आठ माणसांची गाडी नवी नाही. वडापच्या शेअर गाड्यांमधून प्रवास करत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. मॅटाडोर झाली, ट्रॅक्स झाली, १९९४ नंतर सुमो आली, २००० मध्ये क्वालिस आणि २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा. इथल्या घराचा प्रवासही तसाच असतो. रविवारी जोतिबा, पौर्णिमेला नरसोबाची वाडी, अमावास्येला आदमापूर, मे महिन्यात गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकण, आणि वर्षभर पुण्याच्या फेऱ्या. आजी पुढे, नातवंडं मागे, आणि शेवटच्या क्षणी ‘मी पण येते’ म्हणणारी आत्या. पाच सीटच्या गाडीत हे गणित बसत नाही.

आता ही हायब्रिड चालते कशी? हायक्रॉसमध्ये दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, सोबत वीज मोटर आणि १६८ सेलची छोटी बॅटरी. दोन्ही मिळून १८६ पीएस शक्ती देतात. गाडीला चार्जिंगची पिन नाही, कारण ती कुठेही लावायचीच नसते. ब्रेक दाबला किंवा उतार लागला, की चाकं मोटरला फिरवतात, आणि जुन्या सायकलचा डायनॅमो दिवा पेटवायचा तशी मोटर वीज तयार करून बॅटरीत भरते. हळू चालताना, सिग्नलवरून निघताना, गर्दीत रांगताना हीच वीज कामी येते आणि इंजिन बंद राहतं. वेग वाढला, चढ लागला, की इंजिन आपोआप चालू होतं. चालवणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. गिअरही बदलायचा नसतो.

त्यामुळे हायब्रिडची खरी कमाई दाभोळकर कॉर्नरच्या कोंडीत आणि महाद्वार रोडच्या गर्दीत होते. मोकळ्या महामार्गावर शंभरच्या वेगाने धावताना तिचा फायदा आटतो. तसा पुणे-बेंगळुरू महामार्ग सातारा ते कागल या टप्प्यात रुंदीकरणाच्या कामामुळे गेली काही वर्षं मोकळा असतोच कुठे! घाटातल्या उताराचीही एक मर्यादा आहे. बॅटरी लहान असल्याने लांबलचक उतारावर ती मध्येच भरते, आणि पुढची वीज साठवायला जागाच राहत नाही.

मग पैशाचं बघू. प्रमाणित चाचणीत हायब्रिड हायक्रॉसचं ॲव्हरेज लिटरला २३.२४ किलोमीटर आहे, आणि साध्या पेट्रोल हायक्रॉसचं १६.१३. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, पण तुलनेला चालतील. कुटुंबाची गाडी वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरली, तर हायब्रिडला साधारण ६४५ लिटर पेट्रोल लागेल आणि साध्या गाडीला ९३०. लिटरला १०५ रुपये धरले, तर वर्षाची बचत होते जेमतेम तीस हजार. डिसेंबर २०२२ मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा साधी गाडी १८.३० लाखांपासून सुरू होत होती आणि हायब्रिड २४.०१ लाखांपासून. पावणेसहा लाखांचा हा फरक सगळा बॅटरी-मोटरचा नाही, महाग गाडीत सुविधाही जास्त आहेत. त्यापोटी अडीच लाख सोडून दिले, तरी उरलेले सव्वातीन लाख पेट्रोलमधून वसूल व्हायला दहा वर्षांहून जास्त लागतात. बॅटरीची वॉरंटी आहे आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर.

याउलट वर्षाला साठ हजार किलोमीटर गाडी पळवणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्याची बचत सव्वा लाखाच्या आसपास जाते. तीन वर्षांच्या आत जादा पैसे फिटतात. म्हणजे ज्याला परवडते तो टूरवाला, आणि टूरवाल्याचा जीव अजून डिझेल इनोव्हा क्रिस्टात अडकलेला. क्रिस्टा मजबूत चासीवर उभी आहे, मागच्या चाकांवर चालते आणि कुठल्याही मेस्त्रीच्या हाताला ओळखीची आहे. २०२२ मध्ये टोयोटाने तिचं बुकिंग थांबवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये ते परत सुरू करावं लागलं, तेही फक्त डिझेल आणि मॅन्युअल गिअरमध्ये. हायक्रॉस बाजारात आल्यानंतर जुन्या गाडीला बोलावून आणण्याची ही पाळी बरंच काही सांगते.

घरगुती गिऱ्हाईक मग पैसे का मोजतं? शोरूममध्ये ते ‘ॲव्हरेज’ म्हणतं, कारण पंचवीस लाख खर्चायला काहीतरी शहाणपणाचं कारण लागतं. खरं कारण गाडीत बसल्यावर कळतं. गाडी आवाज न करता निघते. गिअरचे झटके नाहीत, त्यामुळे मागच्या आजींना घाटात मळमळत नाही. क्रिस्टापेक्षा आत चढणं सोपं आहे. तिसरी रांग उभी ठेवूनही ३०० लिटरची डिकी शिल्लक राहते. आणि चार्जर शोधत बसायची कटकट नाही. ही आरामाची खरेदी आहे. तिला बचत म्हणायची गरज नाही, पण कोल्हापुरी माणूस चैन केली असं उघड कबूल करत नाही, इतकंच.

मोठी हायब्रिड गाडी जपानी आणि अमेरिकन कुटुंबांनी आधीच स्वीकारली आहे. टोयोटाने एस्टिमा नावाची हायब्रिड व्हॅन जपानमध्ये २००१ मध्येच आणली. अमेरिकेत सिएना २०२१ च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिडच मिळते. तिथे कुणाला पर्यायच ठेवला नाही, आणि फारशी तक्रारही झाली नाही.

कोल्हापूरला मात्र या गाडीत गिऱ्हाईक म्हणून आहे त्याहून मोठा रस आहे. उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत पसरलेल्या इथल्या शेकडो फाउंड्री आणि मशीनशॉप वाहनांच्या सुट्या भागांवर जगतात. मेनन पिस्टन्ससारख्या कंपनीचं तर नावच पिस्टनवरून आहे. बॅटरीवरच्या गाडीत पिस्टन नसतो, सिलिंडर हेड नसतं, इंजिनचा ब्लॉक नसतो. हायब्रिडमध्ये हे सगळं शाबूत राहतं. शिरोलीतल्या कारखानदाराने हायब्रिडच्या बाजूने बोलावं, यात नवल नाही.

दुसरा धागा उसाचा. २९ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन गडकरी यांनी दिल्लीत हायक्रॉसचाच एक नमुना दाखवला, जो इथेनॉलचं प्रमाण खूप जास्त असलेल्या इंधनावर आणि विजेवर चालतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ते वापरलं की ॲव्हरेज पडतं. ती तूट मोटरने भरून काढायची, अशी त्यामागची कल्पना. ज्या जिल्ह्यात साखर कारखाने इथेनॉलही काढतात, तिथे शेतकऱ्याच्या उसावर त्याचीच गाडी चालण्याची ही गोष्ट ऐकायला फारच गोड आहे. पण ही गाडी अजून शोरूममध्ये आलेली नाही, आणि तसं इंधन देणारे पंपही सगळीकडे नाहीत.

सरकारची भूमिका याहून कोरडी आहे. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्रात ही माफी फक्त पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांना आहे. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला लागतो तो १३ टक्के कर हायब्रिडलाही लागतो. पंचवीस लाखांवर सव्वातीन लाख. जीएसटीतही पूर्वी मोठ्या हायब्रिडला ४३ टक्के आणि साध्या मोठ्या गाड्यांना ४५ ते ५० टक्के असा थोडा फरक होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या मोठ्या गाड्यांना ४० टक्के लागतात, आणि तो फरक संपला. इलेक्ट्रिकला मात्र पाचच टक्के. जुलै २०२५ मध्ये किआने कॅरेन्स क्लॅव्हिसची सात आसनी इलेक्ट्रिक गाडी १७.९९ लाखांपासून आणली, तेव्हा हायब्रिडसमोर खरा प्रतिस्पर्धी उभा राहिला.

चार मीटरपेक्षा लांब गाडी म्हणजे चैन, असं जीएसटीचं धोरण आहे. सात माणसं नीट बसवायची, तर गाडी चार मीटरच्या आत बसत नाही. रेनो ट्रायबरने ते जमवलं, पण सगळ्या सीट उभ्या असताना तिच्या डिकीत ८४ लिटर जागा राहते. लग्नाला निघालेल्या घराच्या बॅगा त्यात मावत नाहीत. चार मीटरपेक्षा लांब असलेल्या एर्टिगालाही म्हणूनच ४० टक्के लागतात. एर्टिगाच्या किमतीत मोटरवर खरोखर चालणारी हायब्रिड आज बाजारात नाही. म्हणून कोल्हापुरातलं मध्यमवर्गीय मोठं घर किलोला २६.११ किलोमीटर देणारी सीएनजी एर्टिगा घेतं, डिकीत टाकी बसवलेली, आणि बॅगा टपावरच्या कॅरिअरला बांधून गावाला निघतं.