सहीच्या आधी

सकाळी सहा
हरभऱ्याची सोंगणी सुरू आहे, म्हणून आधी वावरात. पाडवा तोंडावर आला की आमच्या इंझोरी गावात दोन कामं एकदम येतात: रब्बीचा माल घरी आणणं आणि पुढच्या सालाचे मक्ते ठरवणं. मी शेतकरी आहे आणि विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवकही. वकिली करत नाही. माणूस कशावर सही करतोय ते त्याला सहीआधी कळावं, हे माझं काम. त्याचे पैसे घेत नाही.

नऊ
ओट्यावर दोघं आले. एकाचं वावर, दुसरा मक्त्यानं वाहणार. मानोऱ्याहून पाचशेच्या स्टॅम्पवर मजकूर छापून आणलेला. "घरचाच मानूस हाये, मंग कागदात काय पाह्यचं?" मालक म्हणाले. मी प्रत्येक कलम मोठ्यानं वाचलं आणि मक्तेदाराला म्हटलं, "आता तुम्ही सांगा, काय ठरलं?" सांगता सांगता तो अडला. गारपिटीनं पीक गेलं तर मक्ता पूर्ण द्यायचा का? सरकारी मदत मालकाच्या खात्यात आली तर त्याला काय? मोटारीचं वीजबिल कोणाकडे? कागदात यातलं काहीच नव्हतं. तिन्ही उत्तरं दोघांनी तिथंच ठरवली, मी साध्या वाक्यांत लिहून दिली. मक्तेदारानं पीकविमा काढायचा तर भाडेकरार नोंदणीकृत लागतो, हेही सांगितलं. आता ते मानोऱ्याला दुय्यम निबंधकाकडे जातील.

दुपारी बारा
गटातल्या बाया कर्जाचे कागद घेऊन आल्या. कर्ज चाळीस हजारांचं, हाती येणार अडतीस हजार आठशे. "बाकीचे कुठं चालले, भाऊ?" प्रश्न अगदी बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाआधी एक विवरणपत्र द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. विमा, प्रक्रिया शुल्क, व्याज हे सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो, ते त्यात असतं. जे शुल्क त्यात नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. आम्ही ते पान काढून एकेक आकडा वहीत उतरवला. मग प्रत्येकीनं आपला हप्ता, एकूण परतफेड आणि शेजारणीचा हप्ता चुकला तर आपल्यावर काय येतं, ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. दोघींनी कर्ज कमी घ्यायचं ठरवलं.

तीन
एक वयस्कर बाबा. लेकीच्या लग्नासाठी पैसे हवेत, देणारा म्हणतो, "नावापुरतं खरेदीखत करून द्या, पैसे फेडले की वावर परत." मी त्यांना थांबवलं. विक्रीच्या रूपातलं गहाण कायद्याला मान्य आहे, पण वावर परत करण्याची अट त्याच दस्तात असावी लागते. ती वेगळ्या कागदावर किंवा तोंडी असेल, तर तो दस्त गहाण ठरत नाही. २०१४ च्या सावकारी कायद्यानं पंधरा वर्षांपर्यंतच्या अशा व्यवहारांची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, पण ती वाट लांबची आहे. बाबांनी सही केलेली नाही, हेच आजचं मोठं काम.

संध्याकाळी सात
पारावर कॉलेजची पोरं बसली होती. त्यांना सुप्याची हकिगत सांगितली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या त्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जाऊ लागला. तसा नसेल तर तो कोर्टात पुरावा म्हणून चालत नसे. आपल्या वऱ्हाडाला ते संरक्षण मिळालं नाही. आता देखरेखीचं ते काम आपणच करायचं.

रात्री नऊ
उद्याच्या मक्त्यांसाठी कोरी पानं आखतोय. कोण काय देतो, किती, केव्हापर्यंत, बिघडलं तर काय: चार रकाने. भारतीय करार कायदा, १८७२ सांगतो की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य केली तरच ती संमती. मग प्रत्येक छापील कराराला असं पहिलं पान असलंच पाहिजे, आणि सही घेण्याआधी ते माणसाच्या तोंडून परत ऐकलं पाहिजे. ग्रामसभेत हा ठराव मांडणार आहे.