वीटकाराची विद्या आणि वाशिमचा रोगी

प्लास्टिक सर्जरी म्हटले की सिनेनट्या आणि श्रीमंतांचे चोचले आठवतात. आपल्या लोकांचा तिच्याशी काय संबंध, असे आपले कार्यकर्तेही म्हणतात. संबंध जुना आहे.

१७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी हा शेतकरी जातीचा माणूस टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. पुढे पुण्याजवळ त्याला नवे नाक बसवून दिले ते वीटकार जातीच्या एका माणसाने. मेणाचा साचा कपाळावर पसरायचा, तेवढी कातडी सोडवायची आणि भुवयांमधला देठ जिवंत ठेवून ती खाली वळवायची. १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये हे छापून आले. १८१४ साली कार्प्यू या इंग्रज सर्जनने तेच तिकडे करून पाहिले. त्या मजकुरात कावसजीचे नाव आहे, वीटकाराचे नाही. सुश्रुताचा जयघोष करणाऱ्यांनाही तो आठवत नाही!

आज ही विद्या कोणाला हवी आहे? वाशिम, रिसोड, मानोऱ्याकडच्या कष्टकऱ्याला. खर्ऱ्याची पुडी खिशात, गालात कधीचा छाला. हळूहळू तोंड उघडेनासे होते, भाकरी सुटते, माणूस पातळ वरणावर येतो आणि अर्धा होतो. दवाखान्यात जातो तेव्हा कर्करोग जबड्यात उतरलेला असतो. जबडा कापावा लागतो. मग ती पोकळी भरायची कशाने? छातीचा स्नायू वळवून भरला तर काम लवकर आणि स्वस्तात होते, पण हाड परत येत नाही. चेहरा एका बाजूने बसतो, दात लावता येत नाहीत. पायाचे हाड घेऊन जबडा घडवता येतो. त्यासाठी दुर्बिणीखाली बारीक रक्तवाहिन्या जोडणारा सर्जन लागतो, आणि तो मोठ्या शहरात. गरिबाच्या वाट्याला बहुधा पहिला मार्ग येतो. जीव वाचला ना, मग झाले!

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली, तिच्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. तो कारखान्यातल्या कामगाराला लाभला. सोयाबीन सोंगणारा मजूर बाहेर राहिला. त्याच्यासाठी २०१२ साली जीवनदायी योजना आली. २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे, आणि २०२३ च्या निर्णयाने कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण ठरले. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया तिच्यात बसत नाही. ठीक आहे. पण घास चावता येणे आणि चारचौघांत तोंडावर रुमाल न धरता बसणे, याला सौंदर्य म्हणायचे काय? शिवाय सोबत गेलेल्या बायकोची महिनाभराची मजुरी कोणत्या पॅकेजमध्ये बसते?

२०२४ साली वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे प्लास्टिक सर्जनचे पद मागण्याचे निवेदन अजून कोणत्या संघटनेने द्यायचे? १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात एक टेबल तोंड तपासणाऱ्या दंतवैद्याचेही असू द्या. आणि घरात कोणावर ही वेळ आलीच, तर रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन आधी आरोग्यमित्राला गाठा, आणि सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: साहेब, जबडा काढल्यावर त्या जागी काय बसवणार?